जुना गहूं आणि नवा गहूं

चार सुशिक्षित मंडळी एका ठिकाणीं जमलीं, कीं हवापाणी व राजकारण यांच्या खालोखाल अलीकडे जो विषय निघतो तो गव्हाचा. एक गृहिणी सांगतात, "आम्हीं लोकवन अजिबात बंद केला, घरांत आतां फक्त खपली." दुसऱ्या विचारतात, "दुपटीहून अधिक दाम मोजून पोळी दुप्पट गुणाची होते का हो?" पहिल्या पक्षाच्या मतें नवा गहूं म्हणजे खतांवर पोसलेलें, निःसत्त्व व यच्चयावत् रोगांचें मूळ असलेलें धान्य, दुसऱ्याच्या मतें जुना गहूं म्हणजे आजीच्या फडताळांतली एक गोड आठवण, तिच्यावर देशाचें पोट भरत नाहीं. आमचे आप्तेष्ट दोन्ही पक्षांत आहेत आणि दोहोंकडे आम्हांस पंक्तीस बसावें लागतें. प्रश्न केवळ पंक्तींतील गप्पांचा असता, तर त्यावर लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु आपण मध्यम स्थितींतील मंडळी कोणता गहूं मागतों यावर शेतकरी काय पेरतो हें पुष्कळ अंशीं ठरतें, आणि आपल्या घरांतील मुलांच्या व आजाऱ्यांच्या ताटांत काय पडतें हेंही ठरतें. म्हणून या वादांत ज्याची साक्ष प्रथम काढावयास हवी, व जी सहसा कोणी काढीत नाहीं, त्या शेताची साक्ष येथें काढावी असा आमचा विचार आहे.

प्रथम जुना गहूं म्हणजे कोणता, हें ठरविलें पाहिजे. आमच्या आजोबांच्या पिढीला असा एकच जुना गहूं ठाऊक नव्हता. दख्खनच्या काळ्या जिरायत जमिनींत बन्सी व बक्षी हे टणक दाण्याचे गहूं होत. मोटेच्या किंवा पाटाच्या पाण्यावर खपली होई. मऊ दाण्याचा पिशी गहूं आणखी निराळा. वनस्पतिशास्त्रज्ञ बन्सी-बक्षी यांस ड्यूरम म्हणतात व खपलीस डायकोकम. या दोहोंच्या पेशींत २८ गुणसूत्रें असतात. लोकवनासारखे आपल्या रोजच्या पोळीचे गहूं मात्र ४२ गुणसूत्रांच्या कुळांतले आहेत. खपलीच्या कुळाचा एका रानगवताशीं आपोआप संकर होऊन हजारों वर्षांपूर्वीं हें ४२ चें कूळ जन्मास आलें. तेव्हां खपली व लोकवन यांचें नातें आजोबा-नातवाचें नसून चुलत घराण्यांचें आहे, आणि दोन्ही घराणीं पुरेशीं पुरातन आहेत. बाजारांत लोकवनास "हायब्रिड" म्हणून हिणविण्याची चाल पडली आहे, तीही निराधार होय. लोकवन ही गुजराथेंतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेंत तयार झालेली सरळ जात आहे; तिचें बी शेतकऱ्याला घरीं राखून पुढल्या वर्षीं पेरतां येतें. ती प्रसारांत येऊन चाळीस वर्षें होऊन गेलीं. आतां तिलाही जुनी म्हणावयास हरकत नाहीं.

खपली बागायतींतच कां होई, हा प्रश्न विचारला म्हणजे जुन्या शेतकऱ्याच्या शहाणपणाचा पहिला पुरावा मिळतो. पाण्याच्या पिकांत दंव व ओलावा टिकतो, आणि ओल्या पानावर तांबेरा रुजतो. हा रोग मैदानांतील उन्हाळ्यांत जळून नाहींसा होतो, परंतु निलगिरीच्या व हिमालयाच्या थंड डोंगरांत तो वर्षभर जिवंत राहून वाऱ्यावरून पुन्हां खालीं उतरतो, हें आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं वर्षानुवर्षें परिश्रम करून दाखवून दिलें. १९४६-४७ च्या हंगामांत मध्य हिंदुस्थानांत तांबेऱ्यानें गव्हाचा जो संहार केला, तो पाहिलेल्या शेतकऱ्यांस या रोगाचें वर्णन सांगावें लागत नसे. खपलीच्या अंगीं काळ्या तांबेऱ्यास तोंड देण्याची शक्ति होती, म्हणून ती पाण्यावर घेत. तिचें टरफल मळणींत सुटत नाहीं, दाणे कांडून काढावे लागतात; घरच्या बायकांच्या खांद्यांवर हा भार पडे, तरीही ती घेत, कारण पाण्याखालीं दुसऱ्या कोणत्याही गव्हाचा भरंवसा नव्हता. उलट जिरायतींत तांबेऱ्याचें भय कमी, पाण्याची टंचाई अधिक; तेथें बन्सी. म्हणजे ज्यांचें नांव घेऊन आपण आज सर्वांस खपलीचा उपदेश करतों, ते पूर्वज स्वतः शेत पाहून गहूं ठरवीत असत.

जिरायत गव्हाची जीवनकथा मोठी करुण व तितकीच विलक्षण आहे. पावसाळा संपला, जमिनीस वाफसा आला, कीं आश्विन-कार्तिकांत पेरणी. त्यानंतर बहुधा आभाळांतून एक थेंबही मिळावयाचा नाहीं. काळ्या मातीनें पोटांत जी ओल सांठविली असेल तिच्यावर सारें आयुष्य काढावयाचें, आणि माघ-फाल्गुनांत ऊन तापूं लागण्यापूर्वीं दाणा भरून मोकळें व्हावयाचें. वरचा थर लवकर वाळतो, म्हणून बी खोल, ओलीपर्यंत टाकावें लागतें. दाण्यांतून निघणाऱ्या पहिल्या कोंबाभोंवतीं म्यानासारखें एक आवरण असतें. तें जितकें लांब, तितक्या खोलीवरून कोंब सुखरूप वर येतो. जुन्या उंच गव्हांचें हें म्यान लांब असतें. नव्या बुटक्या गव्हांत ज्या गुणानें काडी आंखूड होते, त्याच गुणानें हें म्यानही आंखूड होतें. म्हणून खोल पेरलेला बुटका गहूं पुष्कळदां वाटेंतच गुदमरतो. ज्या काडीस आपण निरुपयोगी उंची म्हणतों, तिनें तणांस सांवलीखालीं दाबलें, बैलांस वर्षाचा भुसा दिला आणि गरिबाच्या छपरास आधार दिला. शिवाय जुन्या शेतांत एकच एक जात क्वचितच असे. पुष्कळशीं निरनिराळीं रोपें मिसळलेलीं असत. १९०५ नंतर पुसा येथें आल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्यानें अशा मिश्र गव्हांची छाननी करून पुसा ४ व पुसा १२ या नामांकित जाती निर्माण केल्या. मिश्रणामुळें बाजारांत किंमत कमी येई हें खरें, परंतु एका वर्षीं एक रोप फसलें तर दुसरें तगे.

मग हे गहूं मागें कां पडले? याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर "लोळणें". उंच गव्हास भरपूर पाणी व नत्राचें खत दिलें, कीं तो ताडासारखा वाढतो, ओंबी जड होते आणि पहिल्या वादळांत सारें पीक भुईवर लोळतें. दुधावर पोसलेला, परंतु उभा राहूं न शकणारा मल्ल आखाड्यांत काय कामाचा? या अडचणीवर तोड निघाली ती दूरच्या जपानांत. तेथें इवाते प्रांतांत गोंजिरो इनाझुका यांनीं सिद्ध केलेला नोरिन १० हा बुटका गहूं १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. १९४६ सालीं त्याचें बी अमेरिकेंत गेलें. तेथें ऑरव्हिल व्होगेल यांनीं त्याचे संकर केले, व तेथून तें मेक्सिकोंत नॉर्मन बोरलॉग यांच्या हातीं आलें. १९६३ सालीं बोरलॉग हिंदुस्थानांत आले, स्वामिनाथन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेक्सिकन वाणांच्या चाचण्या घेतल्या, आणि १९६६ सालीं १८,००० टन बियाणें समुद्रमार्गें या देशांत उतरलें. पुढें त्यांच्यांतूनच कल्याणसोना व सोनालिका निघाल्या. आपल्या लोकवनाच्या वंशांतही सोनालिका आहे.

त्या दिवसांचें स्मरण ज्यांच्या घरांत कोणी सांगणारें उरलेलें नाहीं, त्यांस नव्या गव्हास शिव्या देणें सोपें जातें. अमेरिकेंतून येणाऱ्या गव्हाच्या बोटीवर डोळे लावून बसलेला देश, शिधापत्रिकेवर मिळणारा लाल मिलो, त्याच्या दडस भाकरी, आणि १९६५ सालीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं केलेलें सोमवारीं एक वेळ उपवासाचें आवाहन, हें सर्व याच महाराष्ट्रांतील घरांनीं अनुभवलेलें आहे. १९६४-६५ सालीं देशांत गहूं पिकला सुमारे १ कोटि २३ लक्ष टन. १९६७-६८ सालीं १ कोटि ६५ लक्ष टन. सरकारनें १९६८ सालीं त्याच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. आज हाच आंकडा ११ कोटि टनांच्या पुढें गेला आहे. या वाढींत पंजाबांतील भूमीचें पाणी उपसलें गेलें, खतांचा खर्च चढला, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण त्या भाकरीची चव ज्यांनीं घेतली, त्यांच्या तोंडीं नव्या गव्हाविषयीं कृतज्ञतेचा एक शब्द असावा, हें उचित होय.

जुन्याचे कैवारी यावर म्हणतात कीं, नवा गहूं खतापाण्याचे लाड पुरविले तरच पिकतो. गरीब जमिनींत जुनाच श्रेष्ठ. हें म्हणणें ऐकावयास न्याय्य वाटतें, आणि त्याची कसोटी देशोदेशीं घेतली गेली आहे. केंब्रिज येथें ऑस्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शतकारंभींचे गहूं व नवे गहूं सकस व नापीक अशा दोन्ही जमिनींत लावले होते. एकंदर वाढ, म्हणजे काडी व दाणा मिळून वजन, जुन्या-नव्यांचें जवळजवळ सारखेंच भरलें. परंतु जुन्यांत दाण्याचा वांटा एकतृतीयांशाच्या सुमारास, तर नव्यांत अर्ध्याच्या सुमारास. आणि नापीक जमिनींतही नवेच पुढें होते. मेक्सिकोंतील १९५० ते १९८५ पर्यंतच्या वाणांची तुलना १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. नत्र मुळींच न दिलेल्या वाफ्यांतही नव्यांनींच बाजी मारली होती. जर्मनींत पन्नास वर्षांतील १९१ जातींची अशीच परीक्षा झाली. खत कमी केलें, औषधें बंद केलीं, तरी नव्या जाती मागें हटल्या नाहींत, असा तिचा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां "नवा गहूं लाडावलेला" हें विधान सरसकट टिकत नाहीं. जुन्या पक्षांतील आमच्या स्नेह्यांनीं तें सोडून द्यावें, अशी त्यांस विनंति आहे.

तथापि नव्या पक्षानें लगेच नौबत वाजवूं नये. गरिबी अनेक प्रकारची असते. मेक्सिकोच्या त्या वाफ्यांत नत्राची गरिबी होती, पाण्याची नव्हती. आणि जर्मनीचा पावसाळी वसंत व दख्खनचा कोरडा हिवाळा यांत महदंतर आहे. आमच्या आप्तांपैकीं एकांचें शेत नीरेच्या डाव्या कालव्यावर आहे, व दुसऱ्यांचें बार्शीकडे, निव्वळ पावसाच्या भरंवशावर. आमच्या आग्रहावरून दोघांनीं एका वर्षीं लोकवन व बन्सी यांच्या चार चार ओळी शेजारीं शेजारीं पेरल्या. कालव्यावर पाणी व खत मिळतांच बन्सी छातीएवढा वाढला आणि फेब्रुवारींतील एका वादळी पावसानें सपशेल आडवा झाला. शेजारचा लोकवन जेमतेम कमरेइतका, पण उभा, व दाण्यानें भरलेला. बार्शीकडे पेरणीच्या वेळीं वरची माती वाळली होती, म्हणून बी खोल टाकावें लागलें. बन्सी बहुतेक सारा उगवला. लोकवनाच्या ओळींत जागोजाग टक्कल पडलें, आणि जो उगवला त्याचा दाणा माघाच्या उन्हांत सुरकुतला. दोन्ही आप्तांचीं पत्रें आलीं, आणि प्रत्येकानें आपल्या शेतांतील विजेत्यास सर्वश्रेष्ठ ठरविलें होतें. चार ओळींवरून शास्त्र सिद्ध होत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु दोघेही आपआपल्या बांधावर उभे राहून खरें तेंच लिहीत होते, आणि गव्हाविषयींचे पुष्कळसे वाद अशाच दोन खऱ्या पत्रांचे असतात.

येथें इंग्लंडांतील रॉथम्‌स्टेड येथील ब्रॉडबॉक नांवाच्या शेताची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८४३ सालच्या शरदांत लॉज व गिल्बर्ट यांनीं तेथें गहूं पेरला, आणि तेव्हांपासून आजतागायत त्या शेतांत गव्हाचा प्रयोग चालू आहे. एका पट्टींत शेणखत, दुसरींत रासायनिक खत, तिसरींत कांहींच नाहीं, अशी वांटणी आहे. आणि वर्षानुवर्षांचे दाणे बाटल्यांत भरून जपून ठेवलेले आहेत. ज्या पट्टीस १८४३ पासून कांहींच मिळालें नाहीं, ती आजही हेक्टरीं सुमारे एक टनच देते. मधल्या काळांत किती तरी नव्या जाती आल्या, परंतु रिकाम्या जमिनीपुढें त्यांचा पाड लागला नाहीं. खत व फेरपालट मिळालेल्या पट्ट्यांत मात्र त्याच नव्या जाती याच्या कित्येक पट देतात. जमिनीच्या पोटांत नाहीं तें ओंबीच्या पोटांत कोणत्याही बियाण्यास आणतां येत नाहीं, हा धडा जुन्या व नव्या दोन्ही पक्षांस सारखाच लागू आहे.

याच बाटल्यांनीं दुसरीही एक साक्ष दिली, व ती जुन्या पक्षास अनुकूल आहे. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत असें आढळलें कीं, १८४५ पासून १९६० नंतरच्या मध्यापर्यंत दाण्यांतील जस्त, लोह, तांबें व मॅग्नेशियम यांचें प्रमाण जवळजवळ स्थिर होतें. बुटके गहूं आल्यापासून तें उतरत गेलें. मातींतील हीं द्रव्यें घटलेलीं नव्हतीं. म्हणजे उतार बियाण्यांतून आला. दाण्याचा पिष्टांश वाढला, त्या मानानें खनिजें वाढलीं नाहींत, हें त्याचें एक कारण. ज्या घरांत पोळीबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी, तीळ व ताक आहे, त्या घरास या उताराची झळ फारशी लागत नाहीं. परंतु ज्यांचें जेवण म्हणजे पोळी व मीठ-मिरची, त्यांस ती निश्चित लागते. पौष्टिकपणाची हांव आपल्यासारख्यांनीं धरावी व उणीव मात्र गरिबांनीं सोसावी, असा हा उलटा न्याय आहे.

आरोग्याच्या बाबतींत याहून पुढें जाऊन जें बोललें जातें त्यास मात्र आधार नाहीं. नव्या गव्हांत ग्लूटेन, म्हणजे कणकेचा चिकट अंश, बेसुमार वाढला असें म्हणतात. अमेरिकेंतील कसार्डा यांनीं २०१३ सालीं विसाव्या शतकांतील उपलब्ध माहिती तपासली. जाती सुधारल्यामुळें ग्लूटेन वाढल्याचा स्पष्ट पुरावा त्यांस मिळाला नाहीं. जर्मनींत १८९१ ते २०१० पर्यंतच्या ६० जाती एकाच शेतांत तीन वर्षें पिकविल्या. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत एकूण ग्लूटेन जवळजवळ तेवढेंच निघालें, व त्या त्या वर्षाच्या पावसाचा प्रथिनांच्या घडणीवर परिणाम जातीच्या वयाहूनही अधिक दिसला. येथेंही शेत व आभाळ आधीं, नांव मागाहून! हें आम्ही इतक्या आग्रहानें लिहितों याचें कारण असें कीं, आमच्या परिचयाच्या एका घरांतील मुलास ग्लूटेन मुळींच न सोसणारा सीलिअॅक रोग होता. "खपली पुरातन आहे, ती सोसेल," असें कोणीसें सांगितलें, आणि आईनें मोठ्या आशेनें तिची लापशी करून घातली. मूल पुन्हां कित्येक आठवडे अंथरुणास खिळलें. खपलींत ग्लूटेन असतें. या रोगाच्या माणसास खपली, बन्सी, लोकवन सर्व सारखेच वर्ज्य होत. दुकानदाराच्या पाटीवर हें लिहिलेलें नसतें, म्हणून येथें लिहिलें.

आतां एक गोष्ट अशी सांगतों, जी ऐकून दोन्ही पक्षांनीं एकमेकांस तिळगूळ द्यावा. कॅनडाचा जगप्रसिद्ध मार्क्विस गहूं १९०९ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हातीं गेला. त्याच्या जनकांपैकीं एक "हार्ड रेड कलकत्ता", म्हणजे आपल्या इकडील गहूं. हिंदुस्थानांत उन्हाच्या भयानें लवकर पिकण्याची जी संवय त्यास लागली होती, तीच कॅनडांत हिमाच्या भयापासून तारक ठरली. ऑस्ट्रेलियांत विल्यम फॅरर यांनीं १९०१ सालीं दिलेल्या फेडरेशन गव्हाच्या वंशवृक्षांत इटाव्याचा गहूं आहे. आणि आपली खपली! सिडनीचे वॉटरहाउस यांनीं तिच्यापासून खपस्टीन नांवाचा तांबेरारोधक गहूं काढला. अमेरिकेंत स्टॅकमन यांनीं तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठीं जे बारा कसोटीचे गहूं ठरविले, त्यांत खपली एक होती. युगांडांत १९९८-९९ च्या सुमारास दिसलेल्या भयंकर तांबेऱ्यास तोंड देणाऱ्या गुणांपैकीं एक खपलींत सांपडतो. सांगली-साताऱ्याच्या मळ्यांत बायका जी धापा टाकीत कांडीत होत्या, तिचें ऋण असें सातासमुद्रांपार पसरलें आहे.

केंब्रिजच्या वॉटकिन्स यांनीं १९२० ते १९४० च्या दरम्यान हिंदुस्थानासह ३२ देशांतून स्थानिक गहूं जमविले. त्यांतील ८२७ वाणांची छाननी २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे साठ टक्के विविधता आधुनिक गव्हांत आलेलीच नाहीं. म्हणजे जुन्या गव्हांत अजून पुष्कळ ठेवा न उघडलेला पडून आहे. आणि त्याची गरज उद्यां नव्हे, आजच आहे. २०२२ चा मार्च हा देशांतील १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च ठरला; दाणा भरण्याच्या ऐन वेळीं ऊन लागून पीक घटलें, आणि १३ मे रोजीं गव्हाची निर्यात बंद करावी लागली. जी झळ दख्खनच्या गव्हानें पिढ्यान्पिढ्या सोसली ती आतां पंजाबच्या दाराशीं आली आहे. अशा वेळीं बन्सीचें बी केवळ दुर्लक्षामुळें नाहींसें होऊं देणें, हें घरांतील जुनें दस्तऐवज बंबांत घालण्यासारखें होय.

सुदैवानें विज्ञान या दोन पक्षांत बसलेलें नाहीं. धारवाड येथें व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत खपलीच्या बुटक्या जाती निर्माण झाल्या आहेत, डी.डी.के. १०२९ व एम्.ए.सी.एस्. २९७१ ह्या त्यांपैकीं होत. दाणा तोच, टरफल तेंच. काडी मात्र आंखूड, म्हणून पीक लोळत नाहीं. आपण आज महाग दरानें जी पुरातन खपली आणतों, ती कदाचित् अशी नवीच असेल. त्याच पुण्याच्या संस्थेनें जिरायतीसाठीं एम्.ए.सी.एस्. ४०२८ ही ड्यूरमची जात दिली आहे, व तिच्यांत प्रथिनें, जस्त व लोह मुद्दाम वाढविलेलें आहे. ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञ काडी आंखूड ठेवून कोंबाचें म्यान लांब राखणारा निराळा गुण गव्हांत आणीत आहेत. ज्यास आपण जुना म्हणतों तो नव्यांत शिरत आहे, आणि नवा जुन्याची विद्या शिकत आहे.

मग गृहिणीनें करावें काय? आमचें सांगणें साधें आहे. रोजच्या घडीच्या पोळीसाठीं लोकवन किंवा तत्सम गहूं आणावा आणि मनांत कसलाही अपराधभाव ठेवूं नये. मात्र तो दळून आणलेल्या पिठाचा कोंडा चाळून टाकूं नये, कारण पुष्कळशीं खनिजें त्यांतच असतात. शेवयांस व रव्यास बन्सीसारखा टणक गहूं घ्यावा. खीर, सांजा व लापशी यांस खपलीची सर दुसऱ्यास नाहीं. ती त्या चवीसाठीं घ्यावी, औषध म्हणून घेऊं नये. घेतांना "देशी आहे का?" एवढेंच न विचारतां, जात कोणती, शेत कोठलें, जिरायत कीं बागायत, असें विचारावें. प्रश्न विचारणारीं गिऱ्हाइकें असलीं, तर उत्तरें देणारे शेतकरी निपजतात. बार्शीकडील कोरडवाहू शेतकऱ्याचा बन्सी वाजवी दरानें विकला गेला, तर तो पुढल्या वर्षींही पेरील व तें बी जगेल. उलट फॅशनच्या भरांत कालव्यावरच्या शेतकऱ्यानें लोकवन टाकून उंच जुने गहूं पेरावे असा आग्रह आपण धरला, तर त्याचें पीक लोळेल आणि आपलें पाप त्याच्या माथीं बसेल.

विवाह जुळवितांना एकट्या वराचे गुण सांगून भागत नाहीं; वधूही पाहावी लागते, मग गुणमेलन. गव्हाचेंही तसेंच आहे. बियाण्याची पत्रिका भुईच्या पत्रिकेशीं ताडून पाहिल्यावांचून त्यास श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणें हा अविचार होय. ज्या भुईस जो गहूं मानवतो तो तिच्यांत पिकावा, ज्या पदार्थास जो शोभतो तो त्यांत पडावा, आणि त्यांपैकीं कोणत्याही कुळाचा दिवा आपल्या हयातींत विझूं नये, एवढी दक्षता आपण घेतली तरी या पिढीचें कर्तव्य बरेंचसें पार पडलें असें आम्ही समजूं.